इंकजेटवर कृष्णधवल फोटो : खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

घरातल्या चार बाटल्यांच्या टँक प्रिंटरवर रंगीत फोटो बऱ्यापैकी येतो. त्याच प्रिंटरवर कृष्णधवल फोटो काढला की बहुतेकांचा विरस होतो. आजोबांचा पांढरा सदरा हिरवट येतो, टोपी गुलाबीसर दिसते, आणि सावलीतला अर्धा चेहरा डांबरासारखा सपाट काळा होतो. प्रिंटर हलक्यातला आहे असं म्हणून लोक तिथंच सोडून देतात.

रंगीत फोटोत एखादी छटा थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. राखाडीत मात्र किंचित हिरवा शिरला तरी डोळ्याला खुपतो. आणि साध्या प्रिंटरकडे राखाडी शाई नसतेच. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळ्याचे बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकून तो राखाडीचा भास तयार करतो. त्या तिघांचं प्रमाण जरा हललं की झाक आली. म्हणून कृष्णधवल प्रिंटमधली खरी मेहनत काळ्यापेक्षा राखाडीवर घ्यावी लागते. खाली जे सांगितलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

आधी प्रिंटर ओळखा

प्रिंटर घरात असेल तर नवा घ्यायची घाई नको. त्यात शाया कोणत्या आहेत ते बघा. एप्सन एल३२५० सारख्या प्रिंटरमध्ये काळा, सायन, मॅजेंटा आणि पिवळा एवढंच असतं. एल८०५० मध्ये सहा बाटल्या आहेत, पण जास्तीच्या दोन म्हणजे फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. त्यांच्यामुळे उजळ भागातले ठिपके कमी दिसतात, राखाडी मात्र रंग मिसळूनच बनतो. कॅनन जी५७० किंवा एप्सन एल८१८० मध्ये राखाडीची वेगळी बाटली येते, आणि फरक तिथं पडतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुकानदार "सहा कलर आहे, फोटोला एक नंबर" म्हणाला तर एवढंच विचारा, "भाऊ, त्यात ग्रेची बाटली आहे का?"

त्याच्या वरचा वर्ग म्हणजे एप्सन पी७०० सारखे प्रिंटर. दहा शाया, त्यात ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदासाठी एक काळा, मॅट म्हणजे बिनचमकीच्या कागदासाठी दुसरा काळा आणि राखाडीच्या दोन छटा. कृष्णधवलसाठी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळा मोडही असतो. प्रदर्शनं करणाऱ्यांनी किंवा प्रिंट विकणाऱ्यांनीच तिकडे वळावं. घरच्या भिंतीवर वर्षाला पाच-सात फ्रेमा लावायच्या असतील तर एवढा खर्च कशाला?

शाई दोन जातीची असते. डाय शाई कागदाच्या थरात मुरते. ग्लॉसीवर ती चमकदार आणि खोल दिसते, पण ऊन आणि हवेतल्या ओझोननं लवकर उडते. पिग्मेंट शाईचे कण कागदावर बसतात आणि जास्त टिकतात. काही टँक प्रिंटरांत काळी शाई पिग्मेंटची आणि बाकीच्या डायच्या असतात, कारण तो काळा मुळात मजकुरासाठी दिलेला असतो. अशा प्रिंटरला "ग्लॉसी फोटो पेपर" सांगितलं की तो काळी बाटली बाजूला ठेवतो आणि काळासुद्धा तीन रंगांतून बनवतो. तुमच्या प्रिंटरचा काळा तपकिरी दिसत असेल तर बहुधा हेच कारण आहे. उपाय पुढे मॅट कागदात आहे.

बाजारातल्या स्वस्त "कंपॅटिबल" शाईबद्दल माझं मत सरळ आहे. पावत्या आणि प्रोजेक्टला चालेल, कृष्णधवलला नाही. दोन बाटल्यांतली छटा सारखी येईल याची खात्री नसते, आणि आज बसवलेलं गणित पुढच्या भरणीला विस्कटतं.

कागद

नवशिक्यानं मॅटपासून सुरुवात करावी. ग्लॉसीवर चूक चकाकते. तिरकं धरलं की कुठे शाई जाड आणि कुठे पातळ ते दिसतं, आणि खिडकीचा उजेड पडला की काळा भाग आरशासारखा होतो. मॅटवरचा काळा तेवढा खोल येत नाही हे खरं. पण काचेमागे फ्रेम केल्यावर तो फरक फारसा जाणवत नाही, आणि राखाडी छटा मॅटवर शांत दिसतात. कोटिंग असलेला मॅट घ्या. झेरॉक्सचा जाड कागद म्हणजे मॅट फोटो पेपर नव्हे. त्यावर शाई पसरते आणि सगळं धूसर होतं.

ग्लॉसीच हवा असेल तर पाकिटावरच्या जीएसएमच्या (कागदाच्या वजनाच्या) आकड्यावर भाळू नका. कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवा. पाठ साध्या कागदासारखी लागली तर तो कास्ट कोटेड, म्हणजे स्वस्तातला, ओल धरणारा आणि काळा फिका दाखवणारा. प्लॅस्टिकसारखी लागली तर आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेला. फोटो स्टुडिओतल्या जुन्या प्रिंटची आठवण आरसी कागदच करून देतो.

मॅटची छापायची बाजू कोणती ते कळत नसेल तर किंचित ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवा. चिकटल्यासारखी लागली ती कोटिंगची बाजू.

फाइल तयार करणे

इथं मी गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर धरून सांगतो. ते मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. फोटोशॉप असणाऱ्यांना त्यातली हीच साधनं सापडतील.

पहिली गोष्ट फोटोचा आकार. ८ × १० इंची प्रिंटला ३०० पीपीआयनं (एका इंचात ३०० पिक्सेल) २४०० × ३००० पिक्सेल लागतात. २४० पीपीआयवरही चांगलं येतं, त्याखाली जाऊ नये. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा फार मोठा काढण्यात अर्थ नाही. गंधमुक्तीच्या आदल्या रात्री "एवढा फोटो मोठा करून दे" म्हणून जो फॉरवर्ड येतो, तो नेहमी असाच असतो. मूळ मोबाइलमधून तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाइलनं फोटो न घेता ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

दुसरी गोष्ट, रंगीतचा कृष्णधवल करणे. "ग्रेस्केल" दाबून मोकळं होऊ नका. गिम्पमध्ये कलर्स, डिसॅच्युरेट, मोनो मिक्सर असं जा. तिथं लाल, हिरवा आणि निळा यांपैकी कोणता किती घ्यायचा ते तुमच्या हाती असतं. तिघांची बेरीज एकच्या आसपास ठेवली की एकूण उजेड बदलत नाही. लाल वाढवला की निळं आकाश गडद होतं आणि लाल फेटा उजळतो. चेहऱ्याची कातडीही उजळते, डाग झाकले जातात. हिरवा वाढवला की केळीची पानं वर येतात, आणि म्हातारपणाच्या सुरकुत्यांना धार येते. लग्नातल्या फोटोला लाल बरा. शेताच्या बांधावर बसलेल्या आजीला मी हिरवाच देईन.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन टोकं. फाइलमध्ये शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. आपल्याकडे कापसाच्या शेताचा फोटो ही उत्तम परीक्षा आहे. काळी कसदार जमीन आणि तिच्यावर फुटलेली बोंडं, दुपारच्या उन्हात. बोंडाचा पांढरा २५५ वर गेला तर तिथं शाईच पडत नाही, नुसता कागद दिसतो, आणि तंतूचा मऊपणा जातो. तो २४५ च्या आसपास आणा. मातीचा सगळ्यात गडद भाग शून्यावर गेला तर ढेकळं दिसणार नाहीत, मातीचा नुसता डाग होईल. ढेकळाच्या फटीपुरता शून्य असू द्या, ढेकूळ वीसच्या वर हवं. कर्सर त्या जागेवर नेला की पॉइंटर नावाच्या चौकटीत हे आकडे दिसतात.

फाइल आरजीबीच (लाल-हिरवा-निळा) राहू द्या. पुढे छटा दुरुस्त करायला ते लागेल.

छटांची पट्टी

हे केल्याशिवाय मोठा प्रिंट काढू नका. एक लांबट कोरी फाइल घ्या, तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट ओढा, मग कलर्समधलं पोस्टराइझ उघडून पातळ्या २१ करा. पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांची पट्टी तयार झाली, शून्य म्हणजे कोरा कागद आणि शंभर म्हणजे पूर्ण काळा. ज्या कागदावर फोटो काढायचा त्याच कागदाच्या तुकड्यावर, त्याच सेटिंगवर ती छापा. अर्धा तास वाळू द्या. मग खिडकीपाशी, थेट उन्हात नाही अशा जागी, बघा.

पट्टी तीन गोष्टी सांगते. गडद टोकाकडच्या किती पायऱ्या एकमेकींत मिसळल्या? ८५ आणि ९० वेगळ्या दिसतात का, ९५ आणि १०० एक झाल्या का? साध्या प्रिंटरवर शेवटच्या दोन-तीन मिसळणं नेहमीचं आहे. उजळ टोकाला पहिली पाच टक्क्यांची पायरी कागदापासून वेगळी दिसते का? आणि मधल्या राखाडी घरांत झाक कोणती आहे, आणि ती सगळीकडे सारखीच आहे का? गडद भागात हिरवट आणि उजळ भागात गुलाबी, असंही होतं.

गडद पायऱ्या मिसळत असतील तर फोटोत त्या वर उचलाव्या लागतात. इथं बरेच जण ब्राइटनेस वाढवतात. त्यानं सगळंच उजळतं आणि फोटो धुतल्यासारखा होतो. त्याऐवजी कलर्समधलं कर्व्हज उघडा. तिथले आकडे पुन्हा ० ते २५५ चे. रेषेचं अगदी खालचं टोक जागेवर राहू द्या, म्हणजे खरा काळा जाणार नाही. २५ च्या आसपास एक बिंदू पकडून ३५ पर्यंत उचला, मग मध्यावर दुसरा बिंदू ठेवून रेषा पूर्वीच्या जागी आणा. एवढ्यानं सावलीतले डोळे, काळ्या कोटाची घडी, म्हशीच्या पाठीची चमक परत येते. सारंगखेड्याच्या यात्रेत काळ्या घोड्याचे फोटो काढलेत? त्याच्या मानेवरचे स्नायू प्रिंटमध्ये दिसणं न दिसणं या दहा आकड्यांवर ठरतं. पांढरा नुकरा घोडा उलट टोकाला त्रास देतो, तिथं २५५ वर लक्ष ठेवा. काठी गावच्या होळीचा रात्रीचा फोटो असेल तर सगळीच सावली उचलू नका. जाळाभोवतीचे चेहरे तेवढे वर आणा आणि पाठीमागचा अंधार अंधारच राहू द्या.

चांगल्या छटा कशा असतात हे डोळ्यात बसायला स्क्रीनचा उपयोग नाही, त्यासाठी चांगले प्रिंट बघावे लागतात. आपल्याला ते दूर नाही. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) यांचं घर कलादालन म्हणून जपलं आहे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश पाडून त्यांनी केलेली टेबलटॉप छायाचित्रं कृष्णधवलच्या विद्यार्थ्यानं हाताची घडी घालून बराच वेळ बघावीत. काळ्याच्या आत किती काळे असू शकतात ते तिथं कळतं.

"स्क्रीनवर छान होतं, प्रिंट काळपट आला" ही तक्रार तर रोजची. बहुतेक वेळा स्क्रीनचा उजेड फार वाढवलेला असतो. छपाईचा कोरा कागद खोलीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतका दिसेपर्यंत उजेड कमी करा. लॅपटॉपवर तो निम्म्याच्याही खाली येईल, पहिल्यांदा अंधारल्यासारखं वाटेल. त्यातच काम करायची सवय करा.

ड्रायव्हरची खिडकी

प्रिंट दाबण्याआधी प्रॉपर्टीज उघडा. कागदाचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, कारण किती शाई टाकायची ते प्रिंटर त्यावरून ठरवतो. फोटो पेपर घालून "प्लेन पेपर" ठेवलं तर फिका आणि पट्ट्यापट्ट्यांचा प्रिंट येणारच. क्वालिटी सगळ्यात वरची. "हाय स्पीड" किंवा "बायडायरेक्शनल" असा पर्याय असेल तर काढून टाका. मग शाई सोडणारं हेड एकाच दिशेनं छापतं, वेळ जास्त लागतो, पण बारीक रेषा जुळतात. फोटो आपोआप सुधारून देणारा पर्याय बंद करा. तुम्ही कर्व्हजमध्ये जे केलं ते तो पुसून टाकतो.

आता "ग्रेस्केल" किंवा "ब्लॅक अँड व्हाइट" ची चौकट. तिला टिक केल्यावर प्रिंटर फक्त काळी शाई वापरेल की रंग मिसळेल, हे मॉडेल आणि कागदाच्या निवडीवर अवलंबून असतं. ओळखायची खूण भिंगात आहे. पट्टीचं मधलं घर भिंगाखाली किंवा मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यानं बघा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले म्हणजे मिश्रण चालू आहे. नुसते काळे ठिपके असतील तर एकच शाई. मॅट कागद निवडल्यावर अनेक प्रिंटर काळ्या बाटलीवर येतात, आणि मघाचा पिग्मेंट काळा असेल तर तो आता कामाला लागतो.

फक्त काळ्या शाईच्या प्रिंटला झाक येत नाही. ट्यूबलाइटखाली, उन्हात, कुठेही तो तसाच दिसतो. किंमत अशी की उजळ भागात ठिपके विरळ पडतात, म्हणून आकाश आणि गाल दाणेदार दिसतात. हातात धरून बघायच्या छोट्या फोटोत ते खुपतं. भिंतीवरच्या ए४ प्रिंटला चार फुटांवरून कळतही नाही. यात्रा, बाजार, गुरं, जुने वाडे अशा खरबरीत विषयांना तो दाणा शोभतो. तान्ह्या बाळाचा फोटो मात्र मिश्रणावरच काढा.

हिरवट झाक

मिश्रणावर काढलेल्या प्रिंटची झाक पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. तीन शायांतून बनलेला राखाडी सकाळच्या उजेडात बरोबर दिसतो, एलईडीखाली हिरवा आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली गुलाबी. एका उजेडात जुळवलं की दुसरीकडे बिघडतं. त्यापेक्षा प्रिंट मुद्दाम किंचित उबदार करा. गिम्पच्या कलर बॅलन्समध्ये मध्यछटांत लाल आणि पिवळा अगदी थोडा, तीन-चार आकडे, सरकवा. उबदार राखाडी डोळा खपवून घेतो, तो जुन्या फोटोसारखा वाटतो. हिरवट राखाडी आजारी दिसतो. सेपियापर्यंत मात्र जाऊ नका, लग्नाच्या अल्बमवाल्यांनी त्याचा पुरता कंटाळा आणून ठेवलाय.

किती सरकवायचं ते अंदाजानं ठरवू नका. फोटोतला चेहऱ्याचा एक चौकोन कापून घ्या, त्याच्या सहा प्रती एका पानावर मांडा, प्रत्येकीला वेगळी छटा द्या, खाली आकडे लिहा आणि छापा. फ्रेम जिथं लागणार त्या भिंतीशी पान नेऊन तिथल्या उजेडात निवडा.

आपलं हवामान

प्रिंटर बनवणाऱ्यांनी भुसावळचा मे महिना बघितलेला नसावा. पारा ४५ च्या पुढे आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यात आठ दिवस प्रिंटर नुसता उभा राहिला तर हेडच्या छिद्रांत शाई सुकते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा नोझल चेक (छिद्रं तपासायचा नमुना) काढा आणि सगळे रंग लागतील असं एखादं छोटं चित्र छापा. कृष्णधवल करणाऱ्याला पिवळा काय करायचा असं वाटतं, पण बंद पडलेला पिवळा म्हणजे निळसर राखाडी. नोझल चेकमध्ये रेषा तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग एकदा करा, फार तर दोनदा. तरी येत नसेल तर रात्रभर थांबून परत बघा. सलग क्लीनिंग मारत राहिलात तर वेस्ट इंक पॅड (वाया शाई शोषणारी गादी) भरतं आणि शाई वाया जाते.

प्रिंटर त्याच्या बटणानंच बंद करा, बोर्डाच्या खटक्यानं नाही. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन झाकणाखाली बसतं. छपाई चालू असताना लाइट गेली तर ते मध्येच उघडं राहतं, म्हणून लोडशेडिंगच्या गावात प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा. लाइट आल्यावर लगेच चालू करून बटणानं बंद केला तरी हेड झाकलं जातं.

कूलरचा झोत प्रिंटरवर नको. ओलसर वारा कागदाला लागला की कागद वळतो, कडा हेडला घासतात आणि प्रिंटवर काळे ओरखडे उठतात. कूलर बंद करून, पंख्यावर, पहाटे काम केलेलं बरं. पावसाळ्यात उघडं पाकीट तसंच ठेवू नका. कागद मूळ पिशवीत, चिकटपट्टी लावून, कपाटात आडवा ठेवा.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत तंतू असतात. जिनिंगजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तंतू कागदावर बसला की शाई त्याच्यावर पडते, तो उडून गेला की काळ्या भागात पांढरी बारीक रेघ उरते. ट्रेमध्ये घालण्याआधी प्रत्येक कागदावरून मऊ ब्रश फिरवा. काम संपलं की प्रिंटरवर सुती कापड टाका.

वाळवणे आणि फ्रेम

प्रिंट बाहेर आल्या आल्या पसंत-नापसंत ठरवू नका, वाळताना छटा थोड्या बदलतात. सपाट जागी, सुटा, पंख्याच्या थेट वाऱ्याबाहेर, एक दिवस राहू द्या. एकावर एक ठेवायचेच झाले तर मध्ये साधा कागद घाला. लॅमिनेशन करू नका. मॅटचं सौंदर्य त्या प्लॅस्टिकखाली मरतं, आणि नीट न वाळलेल्या प्रिंटवर फुगे येतात.

फ्रेमवाल्याला माउंट बोर्डाची खिडकी कापून मागा. प्रिंट काचेला टेकला तर पावसाळ्यात चिकटतो आणि परत सुटत नाही. डाय शाईचा प्रिंट काचेमागेच ठेवा. पश्चिमेचं ऊन येणाऱ्या भिंतीवर तर कुठलाच लावू नका, ओट्यावर उघड्यावर तर नाहीच.

फ्रेम होण्याआधी प्रिंटच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलनं कागदाचं नाव, ड्रायव्हरमधली निवड आणि कलर बॅलन्सचे आकडे लिहून ठेवा. आरसीच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथं बारीक मार्कर. पुढच्या वर्षी चुलत्यांना तोच फोटो हवा असेल तेव्हा ते आकडेच लागतील.